कॅन्टीन सुधारलं, तरी माणसं नाराजच?

कॅन्टीन सुधारलं, बस वेळेवर यायला लागली, दिवाळीची भेटही बरी दिली, तरी कारखान्यात लाइनवरची माणसं घुश्श्यातच. आता पगार वाढवावा का, असं तुम्ही विचारलंय. वाढवता आला तर जरूर वाढवा. पण आधी ओटीचं, म्हणजे ओव्हरटाइमचं, रजिस्टर काढून बघा.

मी भोसरीच्या एका कारखान्यात २३ वर्षं काढली, शेवटची ९ शिफ्ट इनचार्ज म्हणून. रविवारचा ओटी कुणाला, हे तिथे शनिवारी चहाच्या टपरीवर ठरायचं. दुप्पट दराचे पैसे, आणि नावं कायम त्याच मर्जीतल्या चौघांची. बाकीचे तोंडाने काही बोलत नसत. मशीनच्या सेटिंगला मात्र अर्ध्या तासाऐवजी एक तास लागायचा आणि मशीनचा आवाज बदललेला कुणालाच ऐकू यायचा नाही! शेवटी मी पाळीपाळीने नावांची यादी नोटीस बोर्डावर लावली. ओटीचे तास तेवढेच राहिले, एक रुपया जास्त खर्च झाला नाही. चौघांपैकी दोघांनी वर्षभर माझ्यावर डूख धरला, ते सोडा. पण बिघाड व्हायच्या आधी येऊन सांगणारी माणसं परत दिसायला लागली.

जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास याच जातीचा. ऑर्डरी गेल्या म्हणून एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत १० आठवडे १५ टक्के पगारकपात झाली. एकीकडे साहेबांनी आकडे दाखवून, खेद व्यक्त करून, प्रश्नांना उत्तरं देत सगळं समजावलं. दुसरीकडे थोडक्यात सांगून मोकळे झाले. कामावरच्या चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण दुसऱ्या ठिकाणी कितीतरी जास्त. कपात तर सारखीच होती.

आणि ‘खूश माणूस म्हणजे जास्त उत्पादन’ हे सरळ गणित एचआरच्या स्लाइडवरच शोभतं. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.३० च्या आसपास निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). आहे, पण बेताचाच. म्हणून नुसत्या समाधानाच्या सर्व्हेवर विसंबू नका.

तुमचे सुपरवायझर ‘वरून आलंय’ म्हणून हात झटकतात, असंही तुम्ही लिहिलंय. माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे. आता गणपतीच्या रजांचे अर्ज येतील, त्यात कोकणातले जास्त. कुणाला कोणत्या निकषावर रजा मिळणार, ते अर्ज यायच्या आधी लिहून बोर्डावर लावा. मागच्या वर्षी कुणाची नाकारली होती, तेही रजिस्टरमध्ये असेलच.