झोन गायब झाला म्हणून स्ट्रेन फेकू नका

प्रश्न असा आहे : फेब्रुवारीत शिगेला सोनेई या जुलाब करणाऱ्या जीवाणूच्या ठिपक्याभोवती ई. कोलायच्या लॉनवर, म्हणजे प्लेटभर पसरलेल्या वाढीवर, स्वच्छ झोन (वाढ नसलेलं वर्तुळ) यायचा, मे महिन्यात तोच स्ट्रेन (वाण) लावला तर जवळजवळ काहीच नाही. स्ट्रेन बिघडला का?

इतक्यात तसं म्हणू नका. हा झोन पाडणारं कोलिसिन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जीवाणूंना मारणारं प्रोटीन, काही सतत झरत नाही. डीएनएला इजा झाली की रेकए हे प्रोटीन कामाला लागतं, लेक्सए हा दाबून धरणारा रिप्रेसर तुटतो आणि मग कोलिसिनचं जनुक मोकळं होतं. एरवी थोड्याच पेशी ते बनवतात, कारण ते बाहेर सोडताना बहुतेकदा पेशी स्वतःच फुटते. म्हणून परिस्थिती जराशी बदलली तरी झोन हलतो.

माझा पहिला संशय इनक्युबेटरवर. सोलापुरात मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली दुपारी सहज 37 अंशांच्या पुढे असते, आणि साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. डायल काहीही सांगो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. माझा एक अख्खा उन्हाळा यातच गेलाय. शिवाय प्लेट वाळतात. 30 ते 80 किलोडाल्टनचं प्रोटीन कोरड्या, पातळ आगरमधून फार सरकत नाही.

दुसरं, मीडिया बदलला का? सोयाबीन कॅसिन डायजेस्टच्या ब्रॉथमध्ये लिटरला 2.5 ग्रॅम डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) असतो, आगरमध्ये नसतो. हा फरक फार जणांच्या लक्षात येत नाही. ग्लुकोज असताना पेशीतलं सायक्लिक एएमपी (निरोप देणारा एक रेणू) उतरतं आणि ई1 सारख्या कोलिसिनचं उत्पादन दबतं. वर त्याच साखरेचं आम्ल खोटा झोनही दाखवू शकतं. त्यामुळे सुपरनॅटंट (पेशी काढून टाकल्यावर उरलेला द्रव) आधी पीएच 7 ला आणा, मगच तपासा. ट्रिप्सिन, म्हणजे प्रोटीन तोडणारं एन्झाइम, लावल्यावर झोन गेला तर ते प्रोटीन. पातळ करत गेल्यावर सुटे प्लाक (छोटी गोल भोकं) दिसले तर तो फाज, म्हणजे जीवाणूंना मारणारा विषाणू. कोलिसिनचा झोन नुसता फिका होत जातो.

हे सगळं ठीक असेल, तर वाढ जोरात असताना डीएनएला इजा करणारं मायटोमायसिन सी द्या, मिलीला 0.5 मायक्रोग्रॅमच्या आसपास. विषारी आहे, ग्लोव्हज हवेतच. आणि कितीही उकडलं तरी प्लेट उघडताना पंखा बंद ठेवा. शिगेलाच्या 10 ते 100 पेशीसुद्धा माणसाला आजारी पाडतात.

फेब्रुवारीचा ग्लिसरॉल स्टॉक फ्रीजरमध्ये असेल तर त्याच प्लेटवर आताच्या कल्चरशेजारी लावा. त्याला झोन आला आणि आताच्याला नाही, तर सबकल्चर करता करता प्लाझ्मिड (कोलिसिनचं जनुक असलेली डीएनएची सुटी कडी) गळालाय असं धरून त्या जुन्या स्टॉकवरूनच पुढे चला.