झ्यूग्मा म्हणजे आपला दीपक का?

प्रश्न असा आहे: नववीतल्या मुलीला इंग्रजीच्या तासाला ‘झ्यूग्मा’ नावाचा अलंकार शिकवला. याला मराठीत काय म्हणतात, असं तिने घरी विचारलं, आणि ‘दीपक अलंकार’ असं उत्तर मिळालं. ते बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. राहिलेलं अर्धं जास्त गमतीचं आहे.

आधी झ्यूग्मा कसा दिसतो ते पाहू. इंग्रजी कवी अलेक्झांडर पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’मध्ये (१७१४ साली वाढवून छापलेल्या) एका तरुणीच्या केसांची बट कुणी कापून नेली, एवढ्याशा गोष्टीला महाकाव्याचा थाट दिला आहे. त्यात हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्याचं वर्णन करताना कवी राणी अ‍ॅनला म्हणतो की, तीन राज्यं जिच्या आज्ञेत, ती तू इथे कधी सल्ला घेतेस, तर कधी चहा. क्रियापद एकच. त्याने आधी राज्यकारभार ओढला आणि लगेच चहाही ओढला. राणी आणि तिचा दरबार दोन्ही एका दमात खाली उतरले. मराठीत हे जसंच्या तसं येतं, कारण आपणही सल्ला ‘घेतो’ आणि चहाही ‘घेतो’.

झ्यूग्मा हा शब्द ग्रीक. अर्थ जोडणी, जुंपणी. बैलाच्या मानेवरचं आपलं ‘जू’, संस्कृतातलं ‘युग’ आणि ‘योग’, इंग्रजीतला ‘योक’ ही सगळी त्याच मुळाची मंडळी. ‘युग्म’ तर इतका जवळचा की कानालाही ओळख पटते. तेव्हा ‘युग्म’ असंच नाव द्यावं असा मोह होतो. पण जीवशास्त्रवाल्यांनी ‘युग्मक’ आधीच पळवला आहे, उगाच घोटाळा नको.

आता दीपक. हा फार जुना अलंकार. भरताच्या नाट्यशास्त्रात जे चारच अलंकार सांगितले आहेत (उपमा, रूपक, दीपक, यमक) त्यांतला एक. एका जागी ठेवलेला दिवा जसा आजूबाजूचं सगळं उजळतो, तसं एकच पद वाक्यातल्या अनेक पदांना लागू पडतं. उंबरठ्यावरचा दिवा ओसरीलाही उजेड देतो आणि माजघरालाही, हा देहलीदीपक न्याय त्याच घरातला. ग्रीकांना जू दिसलं, आपल्याकडे दिवा दिसला. रचना मात्र तीच, आणि हे साम्य वरवरचं नाही. भामह आणि दंडी हे संस्कृतातले जुने काव्यशास्त्रकार ते पद वाक्यात कुठे येतं त्यावरून आदि, मध्य आणि अंत असे दीपकाचे भेद करतात. तिकडेही झ्यूग्माचे अगदी हेच तीन भेद आहेत. जॉर्ज पटनमच्या नावावर असलेल्या १५८९च्या इंग्रजी पुस्तकात त्यांना रिंगलीडर, मिडलमार्चर, रिअरवॉर्डर अशी नावं दिली आहेत. म्हणजे आघाडीचा, मधला आणि पिछाडीचा. मला ही फौजी नावं भलतीच आवडतात.

मग अर्धंच बरोबर का? दीपकात क्रियापदाचा अर्थ सहसा दोन्हीकडे एकच राहतो आणि मजा साम्याची असते. पोपच्या ओळीत मजा आहे ती अर्थ पलटण्याची. सल्ला घेणं वेगळं, चहा घेणं वेगळं. म्हणजे दिव्यात तेल श्लेषाचं, एकाच शब्दाच्या दोन अर्थांचं आहे. दंडीने ‘श्लिष्टार्थदीपक’ असा एक प्रकार सांगितला आहेच. आकाशात मेघ फिरतात आणि जमिनीवर हत्ती, असं त्याचं उदाहरण. दोघांनाही ‘हृद्यगन्धवह’ हे एकच विशेषण, पण मेघांच्या बाबतीत त्याचा अर्थ सुखद वारा आणि हत्तींच्या बाबतीत सुगंध वाहणारे. तिथे हसू नाही, शोभा आहे. तरी नाव द्यायचंच तर मी मुलीला ‘श्लिष्ट दीपक’ सांगेन. (अर्थ पलटणाऱ्या प्रकाराला इंग्रजीत ‘सिलेप्सिस’ म्हणावं, असा काहींचा आग्रह असतो. पुस्तकागणिक व्याख्या बदलतात. नववीत त्यात शिरू नये.)

मराठीत हा प्रकार घडवताना दोन अडचणी येतात. आपलं क्रियापद शेवटी. ‘मंत्रिमहोदयांनी शपथ आणि लाच घेतली’ यात क्रियापद येईपर्यंत दोन्ही नामं शेजारी बसलेली असतात, धक्का बसतच नाही. म्हणून ‘मंत्रिमहोदयांनी शपथ घेतली, आणि पुढे लाच’ असं म्हणावं लागतं. अंतदीपक आपल्या जिभेवरचा, पण विनोदाला मध्यदीपक हवा.

दुसरी अडचण लिंगाची. ‘साहेबांनी रजा घेतली आणि चहा’ हे अडखळतं, कारण रजा ‘घेतली’ आणि चहा ‘घेतला’. शपथ आणि लाच दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून जमून गेलं. तसंच ‘भाऊने आधी भाव खाल्ला, नंतर मार’. किंवा ‘पुढाऱ्याचा पाय मोडला आणि संपही’. खाणे, घेणे, मोडणे, लागणे, मारणे ही क्रियापदं आपल्याकडे इतकी कामं करतात की जोड्या शोधायचा खेळ संध्याकाळभर चालेल. मुलीला तोच द्या, व्याख्या आपोआप कळेल.

सगळंच मात्र येत नाही. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये मिस बोलो पत्त्यांच्या डावावरून उठून अश्रूंच्या पुरात आणि पालखीसारख्या खुर्चीत घरी जातात. इंग्रजीत ‘इन’ हा एकच शब्द पुराआधी येतो आणि पूर व खुर्ची दोघांनाही पुरतो. आपला ‘त’ नामाला चिकटलेला, तो दोनदा लावावा लागतो आणि जू तिथेच सुटतं. शिवाय आपण ‘अश्रूंत’ जातच नाही, रडत जातो. ‘बाई रडत आणि मेण्यातून घरी गेल्या’ इथवर मी पोचलो आहे. मेणा अजून हलत नाही.