साडेपाचची एसटी

बाळा,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज मी पहाटे वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. तू खेड्यात राहायचं ठरवलंस याचं कौतुक मी इथे करत बसणार नाही. सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष संपल्यावरही थांबावंसं वाटणं म्हणजे काय, हे तुला आणि मला सांगावं लागत नाही. तुझा प्रश्न वेगळा आहे. नाशिकच्या त्या मुलीला नाही म्हणणं बरोबर की चूक?

मेसेजमध्ये एक वाक्य आहे, 'माझं लग्न दवाखान्याशी आधीच झालंय.' मला चहाचा ठसका लागला. हे कुठल्या सत्कार समारंभातून उचललंस? दवाखान्यात रजिस्टरं असतात, महिनाअखेरचा रिपोर्ट असतो, सर्पदंशाचं इंजेक्शन शिल्लक आहे की नाही याची धाकधूक असते. लग्नबिग्न तिथे होत नसतं. तिला नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. पण पेशंटच्या आड लपून म्हणू नकोस.

हे मी वयाच्या अधिकारानं सांगत नाहीये. मी स्वतः लपलेली आहे.

१९८६ चा ऑगस्ट. सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार वेगळा व्हायला अजून बारा वर्षं होती. रक्ताची बाटली आणायची तर जीप धुळ्याला धाडायची, आणि ओढ्याला पाणी असलं तर तेही विसरायचं. पुण्यात एक मुलगा माझी वाट बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचं होतं, त्याच्या आईनं पुरणाचा घाट घातला होता. पहाटे साडेपाचची धुळ्याची एसटी पकडून पुढे पुणे. साडी इस्त्री करून दाराच्या खुंटीला टांगली होती.

रात्री अकराला बैलगाडीतून एक बाई आणली. तिसरी खेप, नखं पांढरीफटक. मूल व्यवस्थित झालं, वार पडली, आणि रक्त थांबेना. गर्भाशय ओल्या फडक्यासारखं मऊ. गर्भाशय आवळायचं औषध, मेथर्जिन, होतं तेवढं दिलं. मग एक मूठ आत, दुसरा हात पोटावरून, आणि मधे गर्भाशय दाबून धरायचं. तू केलं आहेस, तुला माहीत आहे, दहा मिनिटांत खांदे आपले राहत नाहीत. लाइट नव्हते. तिच्या सासूनं कंदील धरला होता, आणि म्हातारीचा हात माझ्या हातापेक्षा स्थिर होता. पावणेतीनच्या सुमारास तळव्याखाली गर्भाशय आवळत गेलं, नारळासारखं टणक झालं. रक्त थांबलं.

इथपर्यंतची गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे. तुमच्या बॅचलाही सांगितली होती. पुढची सांगत नाही.

साडेचारला मी आंघोळ केली. मग पुन्हा लेबर रूममध्ये येऊन तिच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि नाडी मोजू लागले. ९६. पंधरा मिनिटांनी ९२. मग ९०. मोजायची काही गरज नव्हती, सिस्टर मोजत होतीच, आणि ती माझ्यापेक्षा दहा वर्षं जुनी होती. "मॅडम, तुम्ही निघा," असं ती दोनदा म्हणाली. साडेपाचला कंडक्टरनं घंटी मारलेली मला तिथे ऐकू आली. सकाळी दहाला मी पोस्टात जाऊन पुण्याला तार केली: पेशंट सीरियस, येऊ शकत नाही. तेव्हा माझी सीरियस पेशंट खाटेवर बसून पेज पीत होती.

मला जायचं नव्हतं. एवढंच होतं. दुसऱ्या माणसाला रोज स्वतःचं उत्तर द्यावं लागेल याची भीती वाटत होती, आणि भीती वाटते म्हणण्यापेक्षा पेशंट सीरियस म्हणणं सोपं होतं. त्याच्याशी कोण भांडणार? तो बिचारा काय बोलणार होता? पेशंटचं नाव पुढे केलं की समोरच्याच्या तोंडाला कुलूप लागतं. म्हणून तर म्हणते, ते नाव असं वापरायचं नसतं.

आता तू म्हणशील, पण मॅडम, तुम्ही थांबलात म्हणून किती बायका वाचल्या. वाचल्याच. त्या पट्ट्यात सिझर करणारं तेव्हा माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी पुण्यात जाऊन एखाद्या नर्सिंग होममध्ये बसले असते, तर इथल्या त्या अडलेल्या बायका कोणाकडे गेल्या असत्या? नऊवारी फाडून खांद्याला बांधलेली मुलं घेऊन त्याच आज... बघ. पुन्हा तेच. चाळीस वर्षं होत आली, तरी मी त्यांनाच पुढे उभं करते. आणि तो पुणं सोडून इकडे आला असता की नाही, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

तूही विचारलेलं नाहीस. तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजात 'ती म्हणाली' असं एकदाही आलेलं नाही. 'तिला झेपणार नाही', 'तिचं करिअर आहे', 'तिनं कशाला भोगावं'. हे सगळं तुझंच बोलणं. बँकेत नोकरी करणारी मुलगी, तिला बदलीचा अर्ज करता येतो की नाही, करायचा आहे की नाही, हे तू रात्री पावणेदोनला एकट्यानं ठरवून मोकळा.

मेळघाटात बैरागडला गेलेले डॉ. रवींद्र कोल्हे आठव. लग्न करायचं म्हणून त्यांनी अटी घातल्या त्या सगळ्यांना ठाऊक आहेत: चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत लग्न, महिन्याला चारशे रुपयांत संसार, आणि दुसऱ्यासाठी भीक मागावी लागली तर तीही. लोक हे ऐकून त्यागाला हात जोडतात. मला त्यातला रोखठोकपणा आवडतो. अटी आधी सांगितल्या, निवड समोरच्यावर सोडली. बऱ्याच जणी नाही म्हणाल्या. स्मिताताई हो म्हणाल्या आणि नागपूरची चालती प्रॅक्टिस सोडून गेल्या. ते त्यांनी ठरवलं.

आणि नाहीच म्हणायचं असेल, तर पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंसारखं म्हण. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला आणि १८८४ मध्ये खटला उभा राहिला. मार्च १८८७ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. तेव्हा त्या डॉक्टर नव्हत्या, लक्षात घे. लंडनला शिकायला गेल्या १८८९ मध्ये, सगळं मिटल्यावर. मला रुग्णसेवा करायची आहे म्हणून मी नांदत नाही, असली सबब त्यांच्याजवळ नव्हतीच. हा माणूस मला नको, इतकंच. विशी ओलांडलेली मुलगी कोर्टात हे बोलू शकली, आणि तुला फोनवर एका मुलीशी बोलायला दवाखान्याचा पदर लागतो?

रागावले. रागावू दे.

तुझ्या टेबलाच्या काचेखाली सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा फोटो आहे, मी पाहिलाय. १९३८ ला भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, बाकीचे परतले, हे राहिले, १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी गेले. एवढंच आपण सांगतो. त्याआधीच्या वर्षी, युद्ध चालू असताना, त्यांनी तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं होतं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. वडील गेले तेव्हा ते बाळ चार महिन्यांचंही नव्हतं. बॉम्ब पडत असताना त्या माणसाकडे कारणांना काही तोटा होता का? तुझ्याकडे रोजची साठ-सत्तरची ओपीडी आहे आणि दोन वैद्यकीय अधिकारी आहेत.

त्या दुसऱ्या अधिकाऱ्याला मी सकाळी फोन केला. तुला न विचारता केला, हो. शनिवार-रविवार मी थांबतो म्हणाला, तुझ्या दोन जोखमीच्या केसेस आहेत त्याही त्याला सांगून ठेव. बाकी काही निघालं तर मी आहे, गुडघे दुखतात पण हात चालतात.

नाशिकची गाडी किती वाजता सुटते ते डेपोत विचारून घे. तिला आधी कळवून जा.

— तुझी मॅडम