ऑपरेशनसाठी केळीचं शेत विकावं का?

प्रश्न थोडक्यात असा: रावेर तालुका. वडील ६६ वर्षांचे, मधुमेही. पोटातल्या महाधमनीला जंतुसंसर्ग होऊन फुगवटा आलाय (मायकोटिक ॲन्युरिझम). पोट उघडून ऑपरेशन केल्यास अंदाज ८ लाख, स्टेंट ग्राफ्टचा (धमनीच्या आतून बसवायची कापडी नळी) ११ लाख. हाताशी ५ लाखांचा मेडिक्लेम, वडिलांच्या नावावर ६ लाखांची एफडी, घरात १२ तोळे सोनं, तीन एकरात निसवलेली केळी. एक एकर लगेच विकू का?

भाऊ, आत्ता विकू नका. सातबारा वडिलांच्या नावावर असेल, तर खरेदीखताला त्यांनाच दुय्यम निबंधकासमोर बसावं लागेल, नाहीतर नोंदणीकृत मुखत्यारपत्र लागेल. फुगवटा कधीही फुटू शकतो, गिऱ्हाईक येईपर्यंत तो थांबत नाही. त्यात घरात मोठं आजारपण आहे म्हटलं की भाव पाडून मागणारे येतातच. इसार रोखीने २०,००० किंवा त्याहून जास्त घेतलात, तर आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं.

एफडीही मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. बहुतेक बँका ९० टक्क्यांपर्यंत देतात, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. खातं एकट्या वडिलांचं असेल तर कागदांवर त्यांची सही भरती होण्याआधीच घ्या. माणूस आयसीयूत गेला की हीच सही मिळत नाही आणि पैसे असून अडकतात.

मेडिक्लेमचे ५ धरू नका, ४ धरा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत बहुतेकदा को-पे असतो, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा आपणच भरायचा. एफडीवरचे ५.४ मिळवले की ९.४. ८ लाखांचं उघडं ऑपरेशन निघतं, पण खर्च तिथे संपत नाही. नंतर साधारण सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, पुढे कित्येक महिने गोळ्या, अधूनमधून सीटी अँजिओग्राफी. कोणतं औषध लागेल ते ब्लड कल्चरवर (रक्तातले जंतू ओळखायची तपासणी) ठरतं, आणि किंमत औषधागणिक बदलते. पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस असले तरी ते त्याच ५ लाखांतून; ऑपरेशनने रक्कम संपवली की पुढची बिलं तुमचीच. त्यासाठी दोन लाख वेगळे ठेवा. कमी पडतील ते सोनं तारण ठेवून उभे करा.

स्टेंटचं ठरवताना फक्त तीन लाखांचा फरक पाहू नका. उघड्या ऑपरेशनमध्ये कुजलेला भाग कापून काढतात. स्टेंटमध्ये तो आतच राहतो, शिवाय तिथे परकं कापड बसतं. संसर्ग उलटला तर दुसरं ऑपरेशन, काहींना जन्मभर गोळ्या. तरीही मोठं ऑपरेशन वडिलांना झेपणार नसेल किंवा फुगवटा फुटायला आला असेल, तर स्टेंटच जीव वाचवतो. हा निर्णय सर्जनचा. त्यांना एवढंच विचारा: "संसर्ग परत आला तर पुढे काय, आणि खर्च किती?"

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. हे ऑपरेशन यादीत बसतं का, तो तिथेच सांगेल.

घरी आल्यावर पोटात-पाठीत अचानक कळ, चक्कर, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, तर धमनी आतड्यात फुटलेली असू शकते. रात्रीच गाडी काढायची, म्हणून २५-३० हजार खात्यात मोकळे ठेवा.

घड कापणीला आले की आधी सोन्याचं कर्ज फेडा. त्याचं व्याज सहसा एफडीवरच्या कर्जापेक्षा चढं असतं.