गोष्ट थोडक्यात सांगणं लेखकाला गाण्यांकडून शिकता येतं का? कोणती गाणी ऐकावीत?

येतं. मला तरी ते गाण्यानेच शिकवलं, कुठल्या कार्यशाळेने नाही.

पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका कार्यशाळेत मी माझी कथा वाचली होती. भाऊ बहिणीला भेटायला तिच्या सासरी येतो आणि ती आपले हाल त्याच्यापासून लपवते, एवढीच गोष्ट. शब्द मात्र चार हजार. मार्गदर्शक सरांनी ती कमी करायला सांगितली, ते बरोबरच होतं. मी म्हटलं, माझ्या आजीच्या ओवीत हीच गोष्ट दोन ओळींत आहे, तसं काही जमेल का? सर म्हणाले, “गाण्यातून कथालेखकाने काही घेऊ नये. तिथे निम्मं काम चाल करते.” सगळ्यांसमोर मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून सलतं.

लहानपणी सुट्टीत गावी गेलं की पहाटे जात्याच्या घरघरीने जाग यायची. मी आजीसमोर बसून खुंट्याला हात लावायचे. एका हाताने ती जात्याच्या तोंडात ज्वारीची मूठ सोडायची आणि म्हणायची:

बंधु पाव्हणा आला, उभा दारात कवाचा
भरली घागर ओतून, रस्ता धरला आडाचा

मी विचारलं, “भरलेली घागर ओतली कशाला?” जातं न थांबवता आजी म्हणाली, “घरात सासू बसलेली. रडायला आडाशिवाय जागा कुठली?”

आता बघा, ओवीत सासू नाही. रडणंही नाही. आहे ती ओतून दिलेली घागर, म्हणजे घराबाहेर पडायला शोधलेलं निमित्त. आणि तो ‘कवाचा’! भावाला त्या घरात कुणी बस म्हटलेलं नाही, हे त्या एका शब्दात आलं. माझ्या कथेत सासूचे संवादच दीड पान होते.

राहिला चालीचा मुद्दा. आजी शंभर ओव्या म्हणायची त्या एकाच चालीवर. लेकीची, भावाची, विठ्ठलाची, सगळ्यांची चाल तीच. मग ही ओवी काळजाला लागते आणि शेजारची लागत नाही, हे चालीने कसं होईल? ते शब्दांनीच होतं. सरांना तेव्हा हे सांगायला हवं होतं.

काय ऐकावं म्हणाल, तर आधी ओव्याच. हेमा राईरकर आणि गी पॉयतवां यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत, तिथून सुरुवात करा. नंतर गीतरामायण. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. वाल्मीकींचे सुमारे २४,००० श्लोक आणि गदिमांची ५६ गाणी! त्यांनी प्रसंग निवडला आणि गाणं बहुतेक वेळा त्या प्रसंगात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी दिलं. त्यामुळे आधी काय घडलं ते वेगळं सांगत बसावं लागत नाही. पहिल्याच गाण्यात मुलं बापाचं चरित्र बापालाच गाऊन दाखवतात. कथेची सुरुवात कुठून करावी याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

एक मात्र आहे. धृपदासारखं तेच वाक्य कथेत फिरून फिरून आणू नका, कागदावर ते लवकर शिळं होतं. शिवाय ओवी ऐकणाऱ्या बाईला सासुरवास ठाऊक असायचा, तुमच्या वाचकाला तो ठाऊक असेलच असं नाही, म्हणून थोडं जास्त सांगावं लागतं. आणि सूर मदत करतो, हेही खरंच. निम्मं काम करतो, हे मला मान्य नाही.

ती कथा मी पुढे नऊशे शब्दांत आणली. सासूचे सगळे संवाद काढले, तिचा फक्त आतल्या खोलीतून खोकला ऐकू येतो. घागर मात्र घेतली नाही. ती आजीची आहे.