नायिकेला काय ठाऊक होतं?

प्रश्न : अटलांटिक गुलामव्यापारावर कादंबरी लिहायला घेतली आहे. साल १७६५, जागा आफ्रिकेचा गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना. पहिलं प्रकरण जहाजाच्या पोटात घडतं. नायिका मेरी आणि तिचा थोरला भाऊ एकाच साखळीत जखडलेले आहेत. आता अमेरिकेत कापूस वेचत जन्म काढायचा, या विचारानं ती रडते आहे. एका मित्रानं वाचून ‘इतिहास कच्चा आहे’ एवढंच म्हटलं. कुठे ते सांगत नाही.

उत्तर : मित्र सज्जन दिसतो. मी सांगतो.

आधी साखळी. ही चूक मीही केली आहे, आणि ती कळली कथा छापून झाल्यावर. त्या जहाजांवर पुरुषांना दोघा-दोघांत जखडत, एकाचा उजवा घोटा दुसऱ्याच्या डाव्याला. बायका-मुलांना मात्र सहसा बेड्या नसत, आणि त्यांना ठेवत वेगळं. डेकवर आडवी उंच लाकडी भिंत असे. तिच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला खलाशी, बंदुका आणि बायका. बायकांना मोकळं ठेवण्यात दयामाया नव्हती. त्या खलाशांच्या हाताशी असत, आणि त्याचा अर्थ काय ते तुम्हाला लिहावं लागेल. पण मोकळ्या बाईला किल्ल्या कुठे टांगतात, पहारा कधी बदलतो हेही दिसे. दर दहा जहाजांपैकी साधारण एकावर बंड झालं असा अंदाज आहे, आणि काही बंडांत बायकांनी आत खबर पोचवली होती. तेव्हा भावाला भिंतीपलीकडे न्या. बहिणीला तो दिसणार नाही, फक्त खोकला ऐकू येईल. तुमच्या साखळीपेक्षा मला हा खोकला जास्त कामाचा वाटतो.

आता कापूस. १७६५ मध्ये गोल्ड कोस्टवरून निघालेलं इंग्रज जहाज बहुधा जमैका किंवा बार्बाडोसला जाणार. तिथे ऊस. अमेरिकेत कापसाचं पीक फोफावलं ते सरकी काढायचं यंत्र आल्यावर, १७९३ नंतर. साडेतीन शतकांत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली, १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरली. त्यातली उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट गेलेली जेमतेम ४ लाख. बाकीची मुख्यतः ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर.

पण कापसाच्या जागी ऊस लिहून भागणार नाही. आपण कुठे चाललोय हे तिला कसं कळलं? आतल्या मुलखातून महिनोन्‌महिने चालवत आणलेल्या कित्येकांनी समुद्रसुद्धा पाहिलेला नसे. ही लालतोंडी, मोकळ्या केसांची माणसं आपल्याला खाणार, अशी भीती अनेकांना होती. स्वतः गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या ओलाउदा इक्विआनोनं १७८९ च्या आत्मकथेत ती भीती लिहून ठेवली आहे. तुमची नायिका पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास वाचून आल्यासारखी रडते. तिला दहाजणांत मिळून पुढ्यात ठेवलेली लाकडी बादली बघू द्या. आत घोड्यांना घालतात तसल्या जाड दाण्यांचा उकडून केलेला लगदा. हे लोक आपल्याला खायला का घालताहेत, एवढा एकच प्रश्न तिला पडू द्या.

आणि ती जेवली नाही तर? अशांचं तोंड जबरदस्तीनं उघडायला स्क्रू फिरवायचं एक हत्यार होतं. व्यापाराविरुद्ध पुरावे गोळा करणाऱ्या थॉमस क्लार्कसनला ते लिव्हरपूलच्या एका दुकानात मिळालं, बेड्यांच्या शेजारी मांडलेलं. मूळचं ते धनुर्वातात दातखीळ बसलेल्यांसाठी. हे मात्र सुरुवातीलाच आणू नका. पहिल्या चार पानांत सगळा छळ उधळला की पाचव्या पानावर वाचक निर्ढावतो.

मेरी हे नाव पुढे मळेवाला ठेवील. तिकडच्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव पडतं. मुलगी शुक्रवारची असेल तर फांते बोलीत एफुआ. जमैकात त्याच वाराच्या नावाचं ‘फिबा’ झालेलं मळ्यांच्या वह्यांत सापडतं.

विक्रीचा प्रसंग लिहाल तेव्हा सोन्याच्या नाण्यांची थैली आणू नका. गोल्ड कोस्टवर हिशेब सोन्याच्या औंसात चाले, पण हातात पडे माल : कापड, बंदुका, दारू, पितळी भांडी. त्या कापडात भारतातलं पुष्कळ. कथानक पूर्वेला उइदा बंदरात नेलंत तर किंमत कवड्यांत, मालदीवहून युरोपमार्गे आलेल्या. ‘कवडीमोल’ हा शब्द मात्र त्या प्रकरणात चुकूनही वापरू नका. तिथे एका माणसामागे हजारो कवड्या मोजत.

भावाचाही वार ठरवा. शनिवारचा असेल तर क्वामे.