घळीने (आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीने) आंबे काढताना खांदा मधेच का दुखतो, आणि हात पूर्ण वर गेला की का थांबतो?

हात बाजूने उचलताना साधारण 60 ते 120 अंशांत दुखत असेल तर बहुधा सुप्रास्पायनेटस या हात उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) सुजलाय. हा कंडरा खांद्याच्या फऱ्याच्या टोकाखालच्या अरुंद फटीतून दंडाच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत जातो. त्या टप्प्यात उंचवटा फऱ्याच्या टोकाला सर्वांत जवळ येतो आणि कंडरा, त्यावरची पाण्याची पिशवी दोन्ही चिमटतात. पुढे उंचवटा आत सरकतो, दाब सुटतो.

पूर्ण 180 अंशांपैकी सुमारे 60 अंश फरा फिरल्यामुळे मिळतात. पोक काढून वर पाहत काम केलं की फरा नीट फिरत नाही, फट आणखी आवळते. म्हणून छाती उघडी ठेवा, हात थोडा पुढून आणि अंगठा आभाळाकडे करून उचला. काठी लांब घ्या, म्हणजे कोपर खांद्याखाली राहील. हे सगळ्यात महत्त्वाचं.

दुसऱ्याने उचलून दिलेला हात सोडताच खाली पडत असेल, तर कंडरा फाटल्याची शंका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खांद्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर मालिश करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.